मेमरी वाचली, पण जनरेटर आधीच रिकामा
परवा आमचा रात्रीचा जॉब (रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम) सलग तिसऱ्यांदा मेला, एक्झिट कोड १३७, म्हणजे मेमरी संपली म्हणून सिस्टिमनेच मारला. कोड उघडला तर त्यात काहीच नाही हो, ३०० एमबीची एक लांबलचक स्ट्रिंग, स्वल्पविरामाने जोडलेले सहा-सहा अक्षरी आयडी, आणि त्यावर पायथनचं साधं स्प्लिट, म्हणजे स्वल्पविरामाशी तोडून सगळ्या तुकड्यांची एकदम लिस्ट. ३०० एमबीला कोण घाबरतं? पण हिशोब मांडला आणि डोळे पांढरे झाले. आयडी अधिक स्वल्पविराम ७ बाइट, म्हणजे ४ कोटींच्या वर तुकडे, आणि पायथनमधे प्रत्येक तुकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट, सहा अक्षरांसाठी ५०च्या आसपास बाइट, वर लिस्टमधला ८ बाइटचा पॉइंटर (ऑब्जेक्ट कुठे आहे तो पत्ता). गेलं की अडीच जीबीच्या घरात, आणि आमच्या कंटेनरला (जॉब ज्यात चालतो त्या बंदिस्त जागेला) मिळतात २.

गंमत म्हणजे सगळे तुकडे एकदम लागतच नव्हते, एक घ्यायचा, तपासायचा, सोडून द्यायचा. मग जनरेटर लिहिला, म्हणजे मागू तसा एकेक तुकडा देणारं फंक्शन, एकदा शेवटपर्यंत गेलं की रिकामं. फाइंडने मागच्या जागेपासून पुढचा स्वल्पविराम शोधायचा, मधला भाग यील्ड करायचा (बाहेर द्यायचा), परत तेच. (शेवटच्या स्वल्पविरामानंतरचा तुकडा लूपबाहेर वेगळा यील्ड करावा लागतो, तो विसरलोच होतो, टेस्टने पकडलं.) रेगेक्सच्या (नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत) फाइंडइटरनेही जमलं असतं, पण एका स्वल्पविरामासाठी रेगेक्स म्हणजे माझ्या जिवावर येतं.

मेमरीचा ग्राफ सपाट. मी खूश, डिप्लॉय करून झोपलो. सकाळी रिपोर्टमधे आलेले आयडी ४ कोटींच्या वर, तपासलेले ०. एरर एकही नाही!

तासभर तपासणीच्या कोडमधे डोकं घातलं, आणि घोळ होता त्याच्या वरच्याच ओळीत. लॉगमधे एकूण आकडा छापायला आधी लेन (लिस्टची लांबी सांगणारं फंक्शन) होतं, जनरेटरला लेन चालत नाही, सरळ टाइपएरर येतो, म्हणून मी घाईघाईत सम लावून एकेक मोजून घेतले होते. मोजता मोजता जनरेटर संपला, खालच्या फॉर लूपला काही उरलंच नाही, आणि फॉर लूप अशा वेळी कुरकुरतही नाही, एकदाही न फिरता गपचूप बाहेर पडतो.

शेजारची सहकारी म्हणाली, "अरे मग लिस्टमधे भरून घे ना एकदाच." म्हणजे परत १३७! शेवटी मोजणी लूपच्या आतच घेतली (स्ट्रिंगमधले स्वल्पविराम मोजून एक मिळवला असता तरी भागलं असतं, हे दुपारी सुचलं) आणि तपासलेले शून्य आले तर जॉब फेल करायचा अशी एक ओळ टाकली. रिव्ह्यू तिनेच केला, लगेच अप्रूव्ह, लिस्टचा विषय मात्र परत काढला नाही.