बुरेस्क: दोन नौदलांच्या कामी आलेले कोळशाचे जहाज

पहिल्या महायुद्धातील ‘एमडन’ या जर्मन क्रूझरच्या (वेगवान युद्धनौकेच्या) स्वारीविषयी वाचताना माझे लक्ष दर वेळी तिच्या मागून चालणाऱ्या एका मालवाहू जहाजाकडे जाते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या तेलटाक्या पेटवणारी एमडन सगळ्यांना आठवते. तिच्या भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्या ‘बुरेस्क’चे नाव मात्र बहुधा तळटीपेत सापडते.

बुरेस्क हे ब्रिटिश व्यापारी जहाज. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या ॲडमिरल्टीने, म्हणजे नौदलाचा कारभार पाहणाऱ्या खात्याने, आपल्या आरमाराला कोळसा पुरवण्यासाठी अशी असंख्य जहाजे भाडेकराराने ताब्यात घेतली. त्यांच्यावरचे खलाशी व्यापारी जहाजांवरचेच राहिले, बदलला तो माल आणि माल पोहोचवण्याचा पत्ता. बुरेस्कच्या पोटात सुमारे ६,६०० टन उत्तम वेल्श कोळसा होता आणि तिला हाँगकाँगला जायचे होते.

या कोळशाचे मोल समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. वेल्सचा वाफेचा कोळसा भरपूर उष्णता देतो, त्याची राख कमी होते आणि मुख्य म्हणजे तो फारसा धूर करत नाही. ज्या काळी शत्रूचा माग क्षितिजावरच्या धुरावरून काढला जाई, त्या काळी हा गुण तोफांइतकाच मोलाचा होता. एमडनने ‘पाँटोपोरॉस’ या ग्रीक जहाजावरून मिळवलेला हिंदुस्थानी कोळसा मात्र निकृष्ट आणि धुरकट होता. त्यामुळे २७ सप्टेंबरला सिलोनच्या पश्चिमेकडील जलमार्गावर बुरेस्क हाती लागली, तेव्हा एमडनचा कॅप्टन कार्ल फोन म्युलरने तिला बुडवले नाही. कोळशासकट ठेवून घेतले आणि तिच्यावर जर्मन अधिकारी व खलाशी चढवले. ब्रिटिश नौदलासाठी भरलेला कोळसा त्याच नौदलाला चकवण्यासाठी जळू लागला. मला यातला उपरोध फार मोठा वाटतो, पण म्युलरच्या दृष्टीने तो केवळ रोजचा हिशेब असावा, कारण अफाट हिंदी महासागरात जर्मनीचे एकही बंदर त्याच्या हाताशी नव्हते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या बेटावर एमडनने बुरेस्कवरून कोळसा घेतला. तिथल्या रहिवाशांना युद्ध सुरू झाल्याची वार्ताच नव्हती! कोळसा भरणे हे काम किती जिकिरीचे असे, हे आज सहज लक्षात येत नाही: दोन जहाजे एकमेकींना लगटून बांधायची, मग गोण्या भरायच्या, उचलायच्या आणि बंकरमध्ये, म्हणजे जहाजाच्या कोळशाच्या कोठीत, रित्या करायच्या, आणि हे सारे विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात, नाकातोंडात कोळशाची भुकटी जात असताना.

२८ ऑक्टोबरच्या पेनांगवरील हल्ल्यापासून बुरेस्क दूर होती. ९ नोव्हेंबरला एमडन हिंदी महासागरातील कोकोस बेटांपैकी डायरेक्शन बेटावरचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करायला गेली, तेव्हा कोळसा घेण्यासाठी बुरेस्कला तिथेच बोलावणे धाडलेले होते. सकाळी नऊच्या सुमारास क्षितिजावर धूर दिसला, तेव्हा एमडनवरील लोकांना ती बुरेस्कच वाटली. प्रत्यक्षात ती ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर होती. ओळख पटेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेला आणि किनाऱ्यावर उतरलेली तुकडी तिथेच सोडून एमडनला लढाईला निघावे लागले. बुरेस्कच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत निर्णायक कामगिरी ती तिथे नसतानाच घडली, असे मला म्हणावेसे वाटते.

सिडनीच्या माऱ्याने जर्जर झालेली एमडन साडेअकराच्या आधीच जवळच्या नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवली गेली. सिडनीने मग बुरेस्कचा पाठलाग करून तिला बाराच्या पुढे गाठले, पण जर्मनांनी तळाच्या झडपा उघडून अशा मोडून ठेवल्या होत्या की दुरुस्तीला वावच नव्हता. सिडनीचे कॅप्टन जॉन ग्लॉसॉप यांनी अहवालात जहाजावरील माणसांची नोंद केली आहे: १८ चिनी खलाशी, एक इंग्रज स्टुअर्ड, एक नॉर्वेजियन आचारी आणि जर्मन अधिकारी व सैनिक. ॲडमिरल्टीच्या कोळशाबरोबर हे चिनी खलाशीही ४३ दिवस दुसऱ्याच झेंड्याखाली राबले, आणि त्यांची नावे त्या नोंदीत नाहीत.

सर्वांना उतरवून घेतल्यावर सिडनीने बुडत्या बुरेस्कवर चार तोफगोळे डागले. तिच्या होड्या मात्र वाचल्या. त्यांपैकी एक होडी जर्मन खलाशांच्याच हाती देऊन ग्लॉसॉप यांनी त्याच दिवशी एमडनवर निरोप पाठवला, की आपण उद्या सकाळी मदतीला परत येऊ.