एका वेलांटीसाठी छपाई का थांबवता?

जालन्यात बियाण्याच्या कंपन्या उदंड. त्यांतल्या काहींच्या पिशव्या छपाईला जाण्याआधी शेवटची तपासणी माझ्याकडे असते. छपाईवाले विचारतात, मार्केटिंगची मुलं विचारतात, नातेवाईकही विचारतात: बियाणं चांगलं असलं की झालं, पिशवीसाठी एवढा जीव कशाला काढता? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण उगवण मोजतो. किती कोंब आले ते डोळ्यांनी दिसतं. विकतच्या सीलबंद पिशवीतली तीच मोजणी कंपनीने केलेली असते आणि शेतकरी ती विश्वासावर घेतो. मोंढ्यातल्या दुकानात त्याला ना कंपनीची प्रयोगशाळा दिसते, ना मालक. त्याच्या हातात असते ती पिशवी आणि तिच्यावरचा टॅग. त्याच्यापुरती कंपनी म्हणजे तेवढीच.

त्यामुळे मी आधी आकडे बघते. सोयाबीनच्या उगवणीचं प्रमाण किमान 70 टक्के असावं लागतं. छापलेला आकडा चाचणीच्या कागदाशी जुळतो का? लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता हे पॅकिंगच्या वेळी मशीनने उमटतं आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर बोट फिरलं तरी पुसतं. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीसाठी पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पुसलेला लॉट नंबर घेऊन त्या माणसाने काय सिद्ध करायचं?

मग टॅगचा रंग. प्रमाणित, म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासलेल्या बियाण्याचा निळा; ज्यापासून ते तयार होतं त्या पायाभूतचा पांढरा; कंपनी स्वतःच्या हमीवर विकते त्या सत्यप्रतचा हिरवा. बरेच शेतकरी अक्षरांआधी रंग बघतात. प्रमाणित नसलेल्या मालाच्या पिशवीवर तसाच निळा पट्टा ‘उठून दिसतो’ म्हणून कुणी आणला, तर मी सही करत नाही. कायद्याने चालत असेलही, मला चालत नाही.

बीजप्रक्रियेच्या, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळण्याच्या, सूचना मी मोठ्याने वाचून घेते. किलोला 2.5 ग्रॅममधला बिंदू उडाला की 25 ग्रॅम होतात. प्रक्रिया केलेलं बियाणं खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये, ही सूचना ठळकच हवी. जागा पुरत नसेल तर बोंडांचा फोटो लहान करा. तसाही तो फोटो बऱ्याचदा खऱ्या झाडाला लाजवणारा असतो आणि मला त्याची चीड आहे.

आणि वेलांटी. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात आणला की वेलांट्या, रफार सरकतात, ‘पेरणीपूर्वी’चं भलतंच काहीतरी होतं. अर्थ लागतो हो, लागतोच. पण ज्याने स्वतःच्या नावाखालची ओळ वाचली नाही, त्याने उगवण नीट मोजली असेल यावर मी शेतकरी असते तर विश्वास ठेवला नसता. छपाईचे सिलिंडर पुन्हा करायचे म्हणजे खर्च आहे, दिवस जातात, मृगाच्या तोंडावर तर दुकानदारांचे फोन थांबत नाहीत. तरी मी थांबवते, आणि मालकांनाही हे असंच सांगते.