बेकायदा झडती आणि दार अडवण्याचा हक्क

घराची झडती कायद्याला सोडून होत असेल तर ती अडवण्याचा अधिकार घरच्या माणसाला असू शकेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशातील एका पोस्टमनच्या खटल्यात नमूद केले आहे. त्याच दमात न्यायालय असेही म्हणते, की झडती बेकायदा ठरली तरी वस्तूंची जप्ती बाद होत नाही. फार तर तो पुरावा अधिक बारकाईने तपासावा.

हा अधिकार प्रत्यक्षात फारच थोडा उरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार (जुन्या दंड संहितेचे कलम ९९) लोकसेवक पदाच्या नात्याने, सद्भावनेने वागत असेल आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याचे कृत्य काटेकोरपणे कायदेशीर नसले तरी त्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क मिळत नाही. दिल्लीत दूध-कराच्या थकबाकीपोटी म्हैस जप्त करायला आलेल्या महापालिकेच्या निरीक्षकाला एकाने मारले. मागणीची नोटीसच मिळाली नव्हती, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये याच कलमावर फेटाळला. तेव्हा पोलिसांनी झडतीची कारणे लेखी नोंदवली नाहीत किंवा पंच आणले नाहीत, एवढ्यावरून शिपायाला ढकलणाऱ्याच्या पदरी बहुधा सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हाच पडेल. शिवाय कारणे नोंदवली की नाहीत, हे उंबरठ्यावर उभ्या माणसाला कळणार कसे?

हात उगारू नये, हे मला पटते. रात्री दारात झालेली झटापट कोणाच्या जिवावर बेतेल हे सांगता येत नाही. पण मग दाद न्यायालयात मिळायला हवी, आणि नेमका तिथेच आपला कायदा मागे सरतो. प्राप्तिकर धाडीसंबंधीच्या १९७३ मधील पूरणमल निकालात घटनापीठाने ठरवले, की घटनेत किंवा कायद्यात मनाई नसेल तर संबद्ध पुरावा केवळ बेकायदा झडतीतून आला म्हणून वगळता येत नाही. अमेरिकेत १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही असा पुरावा सामान्यतः वगळला जातो. तरीही इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बेकायदा घरात शिरणाऱ्या पोलिसाला विरोध करण्याचा जुना हक्क नाकारला, तेव्हा तिथल्या विधिमंडळाने पुढच्याच वर्षी वाजवी बळ वापरण्याची मुभा कायद्यात घातली.

आपण तितके टोक गाठू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचे) कलम १८५, म्हणजे पोलिसांनी झडतीची कारणे आधी लेखी नोंदवण्याची तरतूद, मोडून घरातून मिळवलेला पुरावा, सरकार पक्षाने त्या उल्लंघनाचे समाधानकारक कारण दिल्याखेरीज दाखल होऊ नये, एवढी तरतूद मला पुरेशी वाटते. नोंदींची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन त्याच कलमात आहे. त्यामुळे ते पाळले गेले की नाही, हे तपासायला वेगळी यंत्रणाही उभारावी लागणार नाही.