कोल्हापूरच्या बोळांचा नकाशा: दोन दिवस पायी

शिवाजी पेठेत माझ्या मावशीचं घर आहे. पुण्यात बसून, उपग्रहाचं चित्र बघून मी त्या भागातले बरेच बोळ ओपनस्ट्रीटमॅपवर रेखाटले होते. दिवाळीनंतर गेलो तेव्हा मावसभावाला मोठ्या हौसेनं ते मोबाईलवर दाखवले. त्यानं एका रेघेवर बोट ठेवलं. "दादा, हितनं सायकलबी जाईत न्हाई. चार पायऱ्या हायत आणि पुढं भिंत." वरून दिसणाऱ्या पत्र्यामुळे मला ती भिंत दिसलीच नव्हती आणि मी बोळ आरपार काढला होता. रात्री कुणी अ‍ॅम्ब्युलन्सवाला त्या नकाशावर विसंबला असता तर? त्याच दिवशी ठरवलं, आता दोन दिवस फक्त चालायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. खातं उघडलं की कुणीही त्यात भर घालू शकतं आणि त्यामागची सगळी माहिती कुणालाही मोफत उतरवून घेता येते, मात्र श्रेय द्यावं लागतं आणि त्या माहितीत भर घालून ती पुढं वाटली तर त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते. २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरबसल्या पोर्ट-ऑ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. घरबसल्या काढलेल्या नकाशाचं मोल मी नाकारत नाही. पण कोल्हापूरसारख्या जुन्या गावात त्यावर चालून खात्री करणारा माणूस लागतोच.

पहिल्या दिवशी सकाळी सातला महाद्वार रोडवर होतो. उशीर करू नका. दुकानं उघडली, भाविकांची गर्दी झाली की मोबाईल हातात धरून उभं राहायलाही जागा उरत नाही. महाद्वार रोड, ताराबाई रोड, कपिलतीर्थ मार्केटची मागची बाजू हे सगळं नऊच्या आत उरकलं. अ‍ॅण्ड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप घ्या. उभ्या जागी ते साधे प्रश्न विचारतं: रस्ता डांबरी की फरशीचा, रात्री दिवे असतात का, जिन्याला कठडा आहे का. उत्तर दिलं की नोंद झाली. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी एव्हरी डोअर वापरावं, दुकानं आणि पाणपोया नोंदवायला ते जास्त सोयीचं. परिसराची माहिती आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

एक अडचण सगळ्यांना येईल. दोन्ही बाजूंना तीन मजली घरं असलेल्या बोळात जीपीएसचा ठिपका उड्या मारतो, कधी शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. त्यावर विसंबू नका. भवानी मंडप किंवा बिंदू चौकासारख्या मोकळ्या जागी उभं राहून उपग्रहाचं चित्र आधी जुळवून घ्या, कारण तेही काही मीटर सरकलेलं असतं. मग आतल्या बोळांत पावलं मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून नावं उचलायची नाहीत. परवान्यात ते बसत नाही आणि तिथली नावं पुष्कळदा चुकलेलीही असतात.

नावांचं काम मला सगळ्यात आवडलं. तीन रस्ते मिळतात त्या जागेला कोल्हापुरात तिकटी म्हणतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. पुण्याच्या माणसाला हा शब्द सुचणार नाही आणि यंत्राला तर नाहीच. नकाशात एकाच जागेची अनेक नावं ठेवता येतात, मराठीचा रकाना वेगळा असतो. तो देवनागरीत भरा. पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरं असेल तर दोन्ही लिहा. "ह्या बोळाला काय म्हणतात?" असं किमान दोघांना विचारा, त्यातला एक साठीच्या पुढचा असू द्या. तालमीही नोंदवा, निव्वळ कुस्तीची जागा म्हणून नव्हे. पेठेत पत्ता सांगताना अमक्या तालमीच्या मागं असंच सांगतात आणि पूर आला की पोरं तिथंच गोळा होतात.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापाशी मात्र मी अडलो. म्हशी येतात, समोर धार काढतात, माणसं तिथंच उभ्यानं ग्लास रिकामा करतात, थोड्या वेळानं जागा मोकळी. ह्याला डेअरी म्हणणं मला पटलं नाही. नकाशावर टीप टाकून ठेवली आहे, स्थानिक माणसानंच त्याचा निर्णय करावा. दूध जरूर प्या.

दुसरा दिवस पुराच्या खुणांसाठी ठेवला होता. कोल्हापुरात पाण्याची पातळी म्हणजे पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत तो आकडा ५५ च्या वर गेला. पण बंधारा कसबा बावड्याकडे आणि घर सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीत. नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीत पाणी येतं ते जयंती नाल्यानं: पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही आणि उलटं गावात चढतं.

मग माझ्या घरात कधी येणार, हे कुणी सांगायचं? मोफत मिळणारे उंचीचे नकाशे साधारण ३० मीटरच्या चौकटींचे असतात. अख्खा बोळ एका चौकटीत मावतो, शिवाय त्या उंचीत घरांची छपरंही मिसळलेली असतात. पायरीची उंची त्यातून कळत नाही. ती सुतारवाड्यातल्या एका आजींना माहीत होती. त्यांनी दारावरची खूण दाखवली. "एकोणीसला पाणी हितंपतूर आल्तं, एकवीसला त्येच्या वर." बंधाऱ्यावर किती फूट झालं की कुठलं सामान माळ्यावर जातं, हेही त्यांना तोंडपाठ. पूरखुणेसाठी नकाशात स्वतंत्र नोंद आहे. खुणेचं वर्ष, जमिनीपासूनची उंची आणि जमलं तर त्या वेळचा बंधाऱ्याचा आकडा लिहा. अशा नोंदी गल्लोगल्ली झाल्या तर कुठला रस्ता आधी बंद होतो आणि माणसं कुठून बाहेर काढायची हे पावसाळ्याआधीच ठरवता येईल. महापालिकेला, मंडळांना, कॉलेजच्या मुलांना, सगळ्यांना ती माहिती फुकट वापरता येईल. ओव्हरपास टर्बो ह्या ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधायच्या संकेतस्थळावर पाहिलं तर अशा सगळ्या खुणा एका नकाशावर दिसतात.

इथं वागणुकीचं भान ठेवा. फोन आणि मोजपट्टी घेऊन थेट दारात उभं राहू नका. आधी नमस्कार करा, कशासाठी आलात ते सांगा. कुणाच्या घरात किती पाणी होतं हे नावानिशी लिहायचं नाही, खूण रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवरची घ्या. पूर आठवला की काहींचा आवाज बदलतो, तिथं वही मिटा आणि ऐका. आजींनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

सोबत पॉवर बँक, जाड पुठ्ठ्याची वही, साधी मोजपट्टी आणि पाण्याची बाटली पुरे. गाडी नको, आतल्या पेठांत ती लावायला जागा मिळत नाही. स्टेशनवरून रिक्षा किंवा केएमटीची बस करा. मध्ये मिसळीसाठी तासभर राखून ठेवा, रांग असते. रोजची नोंद त्याच रात्री चढवा, दोन दिवसांनी वहीतल्या खुणांचा अर्थ लागत नाही. बदल जतन करताना काय केलं ते मराठीत एका ओळीत लिहा, म्हणजे पुढच्याला कळतं.

माझ्याकडून दुधाळी आणि जयंती नाल्याचा काठ राहिला. जूनच्या आधी कुणी जाणार असेल तर व्हीनस कॉर्नरपासून नाल्याच्या कडेनं शाहूपुरी कुंभार गल्लीकडे चालत निघा आणि वाटेतला प्रत्येक पूल, मोरी आणि भिंतीवरची खूण घ्या.