पायस तेरावा आणि कृपेची वाट

‘द यंग पोप’ बघायला घेतलीत तर दुसऱ्या भागावर थांबू नका. पाओलो सोरेंतिनोच्या 2016च्या या 10 भागांच्या मालिकेत ज्यूड लॉचा लेनी बेलार्डो, म्हणजे पोप पायस तेरावा, त्या भागाच्या शेवटी सज्ज्यात येतो आणि अंधारात, चेहरा न दाखवता, जमलेल्या भाविकांना अक्षरशः झापतो. माणूस क्रूर वाटतो, रिमोटकडे हात जातो. या काळोखाचं उत्तर थेट दहाव्या भागात मिळतं, व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात, भर उजेडात.

लेनीला आईवडिलांनी लहानपणीच अनाथाश्रमात सोडलं. त्यांचं गप्प राहणं आणि देवाचं गप्प राहणं त्याच्या मनात एकच होऊन बसलंय. देहू-आळंदी जवळ असलेल्या पुणेकरांना हे परकं वाटू नये. तुकोबाही विठ्ठलाशी भांडले, रुसले. ख्रिस्ती धर्मात कृपा कमावता येत नाही, ती देणगी असते. म्हणून चमत्कारांपेक्षा लेनीचं हळूहळू मऊ होत जाणं बघा, विशेषतः व्हॅटिकनमधला पाद्री गुटिएरेझ याच्याबरोबरच्या प्रसंगांत.

पाचव्या भागातला तीन पदरी मुकुट महत्त्वाचा. प्रत्यक्षात तो घालून राज्याभिषेक झालेले शेवटचे पोप सहावे पॉल, 1963 मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांनी तो त्यागला आणि तो वॉशिंग्टनला गेला. लेनी तो परत मागवतो! हे ठाऊक नसेल तर त्या प्रसंगाचा निम्मा धाक निसटतो.

डबिंग नको, सबटायटल्स लावा. इंग्रजीत इटालियन मिसळलेलं आहे. एका बैठकीत दोनच भाग. 9 भागांची ‘द न्यू पोप’ ही पुढची मालिका त्यानंतरच.