ओढ्यात बसलेली पाचशेचाळीस

गाडी पाण्यात बंद पडली की चालवणाऱ्याचा हात आपोआप चावीकडे जातो. तो हात धरण्यासाठीच ही जीपवाली मंडळी मला पावसाळ्यात बरोबर नेतात, असं म्हटलं तरी चालेल. माझं गॅरेज तळेगावच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे हायवेला. रोजचं काम पिकअप, टेम्पो आणि ट्रॅक्टरचं. पण वडिलांचा जुन्या जीपवर हात बसलेला होता, त्यांच्यामुळे पुण्या-मुंबईचे फोर बाय फोरवाले (चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाड्या बाळगणारे) आमच्याकडे यायला लागले ते येतच राहिले. पाऊस पडायला लागला की एखादा रविवार धरून ते मावळात जमतात. गाड्या चिखलात घालायच्या, फसवायच्या, काढायच्या आणि रात्री एकमेकांना व्हिडिओ पाठवायचे. मला दिवसाची मजुरी आणि वर चहा-भजी. त्यांच्या कागदावर माझं नाव 'टेक्निकल सपोर्ट'च्या रकान्यात असतं. तोंडावर सगळे मिस्तरीच म्हणतात.

गेल्या जुलैची गोष्ट. जागा पवना धरणाच्या मागच्या अंगाची. एका शेतकऱ्याचं पडीक माळरान, खाली भातखाचरं, मधून ओढा. शेतकऱ्याला रीतसर पैसे देऊन परवानगी घेतली होती. त्याची अट एकच: खाचरात चाक जाता कामा नये. लावणीचे दिवस होते, त्याचा ट्रॅक्टर शेजारीच चिखलणी करत होता.

गाड्या म्हणाल तर सगळं जीप-कुळ हजर. महिंद्रानं 1947 साली विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांचीच नातवंडं-पतवंडं म्हणजे थार आणि पाचशेचाळीस. 2020 नंतरची थार नाशिकच्या कारखान्यातून आलेली, एसी लावून, काचा वर. दुसऱ्या घराण्यांतल्या दोन जिप्सी, एक जिम्नी, एक गुरखा. आणि सगळ्यांत मागे बँकवाले काकांची एमएम पाचशेचाळीस, महिंद्राची जुनी जीप. ऐंशीच्या दशकातली गाडी, फ्रेंच पेजो घराण्यातलं एकवीसशे सीसीचं डिझेल इंजिन. त्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. काका मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी ती उभी केली. काकूंच्या मते तेवढ्यात घराला रंग, नवं स्वयंपाकघर आणि काशीयात्रा झाली असती.

सकाळी पहिलं काम हवा काढायचं. रस्त्यावर बत्तीस-चौतीस ठेवतात, चिखलात अठरा-वीसवर आणायची. टायर पसरतो, जमिनीला जास्त धरतो. नवख्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं पंक्चर झालं. मग मार्शल, म्हणजे त्या दिवसाचा म्होरक्या, सूचना देतो: एका वेळी एकच गाडी, पट्टा लावलेला, कोणी शहाणपणा करायचा नाही. शेवटच्या सूचनेपर्यंत लोक मिसळीकडे बघायला लागलेले असतात.

पहिला मान जिप्सीनं घेतला. साधा चढ, वीसेक फुटांचा. पोरगं फोर लो (चारही चाकांचा सावकाश, जोराचा गिअर) टाकून निघालं, अर्ध्यावर मागची चाकं जागीच फिरायला लागली. गाडी खाली, परत वर, परत खाली. फुकटचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं टायर जुने, कोणी म्हणालं क्लच गेला. मी नुसतं पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. पुढची चाकं फिरतच नव्हती. जिप्सीला पुढच्या चाकांच्या हबवर, म्हणजे मधोमध, हातानं फिरवायची चकती असते, ती 'लॉक'वर नेली नाही तर आत लिव्हर कितीही ओढा, जोर चाकापर्यंत पोचत नाही. पोरगं उतरलं, चकत्या फिरवल्या, एका दमात वर गेलं. दिवसभर त्याला कोणीही भेटलं की नमस्काराऐवजी 'हब?' एवढंच विचारत होतं.

थारवाल्याची पाळी आली तेव्हा त्याचा जोश बघण्यासारखा होता. आयटीतला पोरगा, गाडीला अजून नव्या सीटचा वास. त्यानं समोर चकाचक काळा बंपर बसवून घेतलेला, वर चार दिवे. तिरक्या खड्ड्यात गेला आणि एक पुढचं, एक मागचं चाक हवेत. हवेतली दोन्ही चाकं गरगर फिरतायत, जमिनीवरची दोन्ही ढिम्म. डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत फिरणं वाटून देणाऱ्या गिअरांचा, स्वभावच तसा: ज्या चाकाला अडचण कमी, तिकडे फिरणं जातं. अशा वेळी रेस वाढवून काही होत नाही. पोरगं रेस वाढवत राहिलं. मग एक चाक चिखलात धसलं आणि गाडी पोटावर बसली.

इथे दिवसाची पहिली खरी धोक्याची गोष्ट घडली आणि ती लोकांना विनोदी वाटली. कोणीतरी उत्साहात धावत जाऊन ओढायचा दोर थेट त्या चकाचक बंपरच्या नळीला अडकवला. मी ओरडून सगळ्यांना लांब केलं, पण तोवर पलीकडच्या गाडीनं झटका दिला होता. दोर नायलॉनचा, ताणला जाणारा. ताण साठवतो आणि मग सोडतो. बंपर दोन बोल्टसकट उपटला आणि आमच्या समोरून उडत जाऊन कारवीत पडला. क्षणभर कोणी बोललं नाही, मग सगळे हसत सुटले. मी हसलो नाही. चिखलात गाडी फसल्यानं फारसं कोणाला लागत नाही. लागतं ते दोरानं आणि दोराच्या टोकाला बांधलेल्या लोखंडानं. शोभेचा बंपर दोन पत्र्यांवर टांगलेला असतो, ओढायचा हूक चासीला असतो. मी दोर सोडवला, चासीच्या हूकला शॅकल (पिननं बंद होणारी लोखंडी कडी) लावला, दोरावर ओलं पोतं टाकलं आणि गाडी हळूच बाहेर काढली. पोरगं बंपर काखेत घेऊन उभं होतं, गणपतीच्या मखराची पाटी धरल्यासारखं.

दुपारी डॉक्टरीणबाईंची जिम्नी वळताना घसरली आणि मागचं चाक बांधावर. हातभर बांध खचला, खाचरातलं पाणी वाहायला लागलं. शेतकरी आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग सगळे फावडी घेऊन खाली. आयटीवाले, एक चार्टर्ड अकाउंटंट, एक पोलीस खात्यातले साहेब, सगळे गुडघाभर चिखलात बांध लिंपतायत आणि शेतकरी वरून सांगतोय, ''अहो साहेब, दगड आधी. माती मग. आमचं पोरगंबी याहून बरं घालतं.'' साहेबांना बऱ्याच वर्षांत कोणी असं बोललं नसेल.

काकांची पाचशेचाळीस ओढ्यात उतरली ती तीननंतर. सकाळी त्या ओढ्यात पाणी जेमतेम गुडघ्याला होतं. पण दुपारभर तिकोन्याच्या बाजूला आभाळ फाटल्यासारखा पाऊस चालला होता. आमच्यावर थेंब नाही, ओढा मात्र चढत होता. पाण्याचा रंग बदलून तांबडा व्हायला लागला की वरून लोंढा येतोय हे आम्हाला कळतं, काकांना कळलं नाही. मार्शल 'थांबा' म्हणेपर्यंत गाडी मधोमध. पुढचं चाक एका दगडाआड गेलं, नाक खाली, बॉनेटवर पाण्याची लाट. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद.

मी काठावरून जीव तोडून ओरडलो, ''काका, चावीला हात लावू नका!''

डिझेल इंजिन हवा दाबतं, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उघडणं आलं. काकांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी धरल्यासारखे. पण उतरायला तयार होईनात. ''गाडी माझी आहे, मी हिला सोडून येणार नाही.'' त्याच वेळी काकूंचा फोन. डॉक्टरीणबाईंनी उचलला आणि थंड आवाजात सांगितलं, ''हो काकू, काका जेवतायत. हात खरकटे आहेत त्यांचे.''

दोर लावायला पाण्यात कोण जाणार? थारवाला पोरगा गेला. सकाळपासून सगळ्यांनी ज्याची टिंगल केली होती तोच. कमरेला दोर, दोन जणांनी काठावरून धरलेला. त्यानं पाण्याखाली हात घालून चाचपडत मागचा हूक शोधला, शॅकल लावला, पिन शेवटपर्यंत फिरवून अर्धा आटा परत सोडला. ते मी सकाळी दाखवलं होतं. पूर्ण आवळली की ताणानंतर ती पिन उघडत नाही. मला तेव्हा त्याचं फार बरं वाटलं. येताना त्यानं काकांनाही खांद्याला धरून आणलं.

गुरखाची विंच, म्हणजे केबल गुंडाळून ओढणारं यंत्र, लावली. पुली लावून केबल दुहेरी केली, म्हणजे ओढ दुप्पट, वेग निम्मा. जीप हलली नाही. गुरखाच ओल्या मातीवरून हळूहळू ओढ्याकडे सरकायला लागली. तिला मागून आंब्याच्या झाडाला रुंद पट्ट्यानं बांधली तरी जीप हलेना. पाणी सीटला लागलं. त्यावर आमच्यात चर्चा सुरू झाली: लॉकर, अँकर, कोन. चर्चा अगदी अभ्यासपूर्ण होती.

शेतकऱ्यानं ती थोडा वेळ ऐकली, गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला. चिखलणीची लोखंडी चाकं लावलेलीच होती. आमची मंडळी डिफरन्शियल लॉकवर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपावर) तासन्‌तास बोलतात, त्यासाठी लाखभर मोजतात; शेतकऱ्याच्या टाचेखाली तो पेडल म्हणून पहिल्यापासून आहे आणि तो रोज दाबतो. मी दोर बांधला, सगळ्यांना मागे हटवलं. त्यानं टाच दाबली, क्लच सोडला. पाचशेचाळीस ओढ्यातून उलटी, पाणी गाळत, कोणतंही नाटक न करता बाहेर आली. टाळ्या पडल्या. तो म्हणाला, ''माझी एक खाचर राहिलीय, उजेड आहे तोवर करून घेतो,'' आणि गेला.

पुढचं काम माझं. आधी बॅटरीची तार काढली. एअर क्लीनर उघडला तर ऑइलऐवजी ओढा. चारही हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे) सोडले, क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पहिल्या फेऱ्याला तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी निघाली ती थेट चार्टर्ड अकाउंटंटच्या चष्म्यावर. फेरा मोकळा झाला, कुठे अडला नाही. म्हणजे रॉड सरळ होता. काका इतका वेळ माझ्या मागे उभे होते, ते तिथेच चिखलात खाली बसले.

आता इंजिन ऑइल. चेंबरमधून निघालं ते पांढुरकं, फेसाळ. पाचेक लिटर लागणार आणि माझ्याकडे दोन. मग प्रत्येकाच्या डिकीतून अर्धे, पाव, तळाशी उरलेले डबे निघाले. एकाचं पंधरा-चाळीस ग्रेडचं, एकाचं वीस-पन्नास, एकाचं इतकं महागाचं की तो ओतताना दुसरीकडे बघत होता. शेवटचं लिटर शेतकऱ्याच्या पोरानं ट्रॅक्टरच्या कॅनमधून आणलं. अशी भेसळ एरवी मी माझ्या गॅरेजात करू देणार नाही. पण हे ऑइल आतलं पाणी धुण्यापुरतं होतं. डिझेल फिल्टर सोडून पाणी काढलं, पंपाची हवा काढली, तार जोडली. हीटर दिला. स्टार्टर. दोन-तीन आचके, पांढऱ्या धुराचा लोट आणि मग तो जुना ठक्‌ठक्‌ आवाज. काकांच्या डोळ्यांत धूर गेला असं सगळ्यांनी धरून चाललं.

अंधार पडला होता. शेतकऱ्याच्या घरच्या वहिनींनी पिठलं-भाकरी केली होती, त्यांच्याच इंद्रायणी तांदळाचा भात. पैशाचं पाकीट त्यांनी घेतलं, पण बांधाचे वेगळे मोजून घेतले आणि तेच बरोबर होतं. काकूंचा परत फोन आला. काका म्हणाले, ''हो, जेवतोच आहे.'' आता ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात पाचशेचाळीस माझ्याकडे आली. भेसळीचं ऑइल काढून नवं भरलं. दोन्ही ॲक्सलचं ऑइलही पांढरं निघालं, कारण गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायला-यायला ठेवलेल्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. तिथे नळी लावून ती पार बॉनेटखाली वर नेली. दुसऱ्या दिवशी थारवाला आला. मला वाटलं बंपर वेल्डिंगला आणला असेल. त्यानं बंपर भंगारात दिला होता. म्हणाला, ''मिस्तरी, काकांसारखी ब्रीदरची नळी माझ्याही गाडीला वरपर्यंत घेता येईल का?''

बघू म्हटलं आणि गाडी रॅम्पवर घ्यायला लावली.