लाल दिवा, लाल जर्सी आणि मामा

मंडळी, अ‍ॅन आर्बरला, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या गावी, येऊन दोन वर्षं झाली तरी कॉलेजच्या पोरांची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला इथं लाखभर माणूस येतं हे मामाला अजून पटत नाही. परवा फोनवर म्हणाला, "आमच्याकडं गॅदरिंगलाबी एवढं माणूस येत न्हाई रं, तू मोजलंस का?" मोजायचं कशाला, मिशिगन स्टेडियमची क्षमताच १,०७,६०१ आहे, १९२७ पासून उभं आहे, आणि बाहेरून एवढं मोठं वाटतच नाही कारण बरंचसं जमिनीत खाली आहे, आत शिरलं की कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात शिरल्यासारखं मैदान एकदम पायाखाली दिसतं.

तर झालं असं, ओहायो स्टेट या कट्टर विरोधी विद्यापीठाबरोबरच्या मॅचला मामाचाच जुना फिल्मचा कॅमेरा, पेंटॅक्स के-१०००, गळ्यात घालून गेलो. ही मॅच म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी ही फुटबॉलची लढत, असं समजा. त्या आठवड्यात गावात कुणी लाल घालत नाही, कारण लाल आणि करडा ओहायोचा रंग, आपला मिशिगनचा पिवळा आणि निळा. मी चुकून लाल स्वेटर घालून दुकानात गेलो तर गल्ल्यावरच्या आजीबाईंनी असं बघितलं की गप घरी येऊन बदलला.

फिल्म धुतली, आणि रात्री नऊला डार्करूममध्ये प्रिंट काढायला गेलो, बरोबर इथं पीएचडी करणारा इचलकरंजीचा एक दोस्त. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, आधी फोटोच्या कागदाची पट्टी ठेवून तीन, सहा, नऊ, बारा सेकंद असा थोडा थोडा उजेड द्यायचा, कुठला पट्टा बरा वाटतो ते बघायचं आणि मग अख्खा कागद. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच दिसत नाही, कोरा कागद नुसता डुलत असतो, आणि मग आधी काळं काळं उमटतं, टोप्या, कोट, सगळ्यात शेवटी चेहरे. मिनिटभरानं ते उमटणं थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, ज्याला मामा आजही हायपोच म्हणतो.

प्रिंटमध्ये आभाळ पांढरंफटक आलं. मला वाटलं मामालाच विचारावं, कोल्हापुरात सकाळचे साडेसात वाजले असणार, रंकाळ्यावर फेरी चालू असणार. लावला व्हिडिओ कॉल. कागदाचं पाकीट उघडं होतं हो! मोबाईलचा तो निळसर उजेड सगळ्या कागदांवर पडला, दोस्त "अरे अरे अरे" करेपर्यंत कार्यक्रम झालेला. पुढचा प्रत्येक कागद डेव्हलपरमध्ये घातला की करडा. मामा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून हसतोय, "आरं शाण्या, निळ्या उजेडानं कागद मरतोय, लाल दिवा उगच लावत्यात व्हय?"

म्हणजे बघा, डार्करूममध्ये आपल्या टीमचा निळा चालत नाही, ओहायोचा लाल चालतो, आणि निळ्याच्या नादात हाताला लागतो तोही ओहायोचाच करडा. दोस्ताला हे सांगितलं तर म्हणाला, आधी कागदाचे पैसे दे.

नवीन पाकीट आणून दुसऱ्या दिवशी मामानं सांगितल्याप्रमाणं केलं. आभाळाला दहा सेकंद जास्त उजेड, आणि तेवढा वेळ गर्दीवर पुठ्ठा धरून सावली, पुठ्ठा सारखा हलवत ठेवायचा नाहीतर कड उमटते. सायकलच्या तारेला काळा कागद चिकटवून मामा हे मंगळवार पेठेतल्या मोरीत करायचा, झिरोच्या लाल बल्बखाली, आणि तेवढ्या वेळात मामीला नळ सोडायची बंदी.

प्रिंटचा फोटो पाठवला. मामाचं उत्तर, "माणसं झ्याक आल्यात. खेळाडू कुटं हाईत?" आता पन्नास मिलिमीटरच्या, लांबचं जवळ न आणणाऱ्या लेन्सनं वरच्या रांगेतून खेळाडू म्हणजे मुंग्याच दिसणार ना! मामा गोलच्या जाळीमागं उभा राहून फोटो काढायचा, चिखल लेन्सवर उडायचा म्हणे.

आणि काल कळलं, त्या फोटोंच्या निगेटिव्ह अजून आहेत, पेढ्याच्या डब्यात. मामाचा एन्लार्जर केव्हाच भंगारात गेला, म्हणून म्हणाला तूच काढ. तर जानेवारीत कुणी डेट्रॉईटकडं येणार असेल तर मेसेज टाका, डबा छोटा आहे, हातातल्या बॅगेत बसतो, आणि धुतलेल्या फिल्मला एअरपोर्टच्या एक्स-रेनं काही होत नाही. पेढे मात्र वेगळे आणा.